कंबरदुखी, व्यायाम आणि घरातील माणसे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शाळामास्तराने कंबरदुखीवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. बी. ए., बी. एड. झालेला साधा शिक्षक आहे. परंतु हा विषय माझ्याकडे हजेरीपटातून चालत आला. नववीतील एका हुशार मुलाच्या नावापुढे सलग तीन आठवडे गैरहजेरी लागली, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. वडील यंत्रमाग कारखान्यात कामाला. बीम उचलताना त्यांच्या कंबरेत उसण भरली होती, आणि त्या दिवसापासून आठ महिने ते अंथरुणावरच होते. घरखर्च चालावा म्हणून मुलगा मामूंच्या दुकानात बसू लागला होता. म्हणजे दुखणे बापाच्या कंबरेत होते आणि शाळा सुटली होती मुलाची.

त्या घरात प्रेमाची उणीव नव्हती. भाई कूस बदलताना कण्हले की मुलगी उशी घेऊन धावत असे, त्यांच्या पत्नी गरम पाण्याची पिशवी आणीत, म्हातारी आई कपाळावर हात ठेवी. पाण्याचा तांब्यादेखील त्यांना उचलू देत नसत. मी विचारपूस केली तेव्हा ते म्हणाले, "सर, मणक्यात गॅप आहे. वाकलो तर मणका सरकेल. पोरं लहान आहेत."

बंधू-भगिनींनो, ही भीती आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. यांतील बहुतेकांच्या दुखण्यास एखादा ठराविक आजार कारण म्हणून दाखवता येत नाही. 'गॅप', 'गादी झिजली' हे शब्द आपण फोटो पाहून ऐकतो आणि घाबरतो. पण २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून असे दिसले, की ज्यांना मुळीच कंबरदुखी नाही अशा विशीतील माणसांपैकी ३७ टक्के आणि ऐंशीतील माणसांपैकी ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील गाद्या झिजलेल्याच असतात. केस पिकतात तशी ही झीज होते. फोटोतील झीज म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे नेहमीच नसते.

मात्र एक गोष्ट आधी सांगतो, ती कृपया विसरू नका. कंबरदुखीबरोबर लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, जांघेजवळ बधिरपणा, पायातील शक्ती कमी होत जाणे, ताप, वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा मोठी पडझड यांपैकी काही असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आपल्या देशात मणक्याचा क्षयही आढळतो. भाईंचीही अशी तपासणी झाली. तसे काही नाही असे ठरल्यानंतरच डॉक्टरांनी त्यांना सरकारी रुग्णालयातील फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठविले.

तीन महिन्यांपेक्षा अधिक टिकलेल्या दुखण्यास जुनाट दुखणे म्हणतात. ताजे दुखणे ही शरीराने वाजविलेली धोक्याची घंटा असते. जुनाट दुखण्यात मूळ इजा बहुधा भरून आलेली असते, पण घंटा वाजतच राहते. मज्जासंस्था हळवी होते. माणूस हालचालीला भितो, भीतीने निजून राहतो, निजून स्नायू दुबळे होतात, आणि दुबळे शरीर थोड्या हालचालीनेही दुखते. मग भीती खरीच ठरल्यासारखी वाटते. विद्यार्थी मित्रांनो, गणिताला घाबरून गणित टाळणाऱ्या मुलाचे गणित अधिकच कच्चे होते, तसाच हा प्रकार आहे.

या चक्राकडे वर्तनाच्या अंगाने पाहणाऱ्यांत विल्बर्ट फोर्डाइस हे नाव अग्रभागी आहे. ते अमेरिकेतील सिॲटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ होते. १९७६ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वेदना आत असते, ती कोणाला दिसत नाही. दिसते ते वागणे, म्हणजे कण्हणे, लंगडणे, निजून राहणे. आणि कोणत्याही वागण्याप्रमाणे तेही त्याच्या फळावर वाढते किंवा कमी होते. कण्हल्याबरोबर विश्रांती, गोळी आणि चार माणसांची धावपळ मिळत गेली, तर शरीर नकळत तेच शिकते. यात रोगी ढोंग करतो असे मुळीच नाही. वेदना खरीच असते, हे फोर्डाइस मानीत होते. म्हणून त्यांनी क्रम बदलला. विश्रांती दुखले म्हणून द्यावयाची नाही, ठरलेला व्यायाम पुरा झाला म्हणून द्यावयाची. गोळीदेखील डॉक्टरांनी ठरविलेल्या घड्याळाच्या वेळेला, कण्हण्याला नव्हे.

बाईंनी भाईंच्या बाबतीत हेच केले. पहिला प्रश्न त्यांनी दुखण्याचा विचारला नाही. "तुम्हाला पुन्हा काय करायचं आहे?" असे विचारले. भाई म्हणाले, "जमिनीवर सजदा करून नमाज पढायची आहे, आणि कारखान्यात उभं राहायचं आहे." मग तीन दिवस त्यांना जमेल तितके चालायला सांगितले. पहिल्या दिवशी ६ मिनिटे, दुसऱ्या दिवशी ८, तिसऱ्या दिवशी ७. सरासरी ७. आता आपणांस वाटेल, सुरुवात सातपासून किंवा आठपासून झाली असेल. नाही. सुरुवात केली ५ मिनिटांपासून, म्हणजे सरासरीच्याही खालून, जेणेकरून पहिल्या दिवशी अपयश येऊच नये. दर तीन दिवसांनी एक मिनिट वाढवायचे. आणि नियम एकच: बरे वाटले म्हणून जास्त नाही, दुखले म्हणून कमी नाही.

हा नियम ऐकायला सोपा, पाळायला अवघड. आपला स्वभाव उलटा आहे. बरे वाटले की एका दिवसात आठवड्याचे काम उरकतो आणि पुढचे चार दिवस पडून राहतो. अशाने शरीराची आज्ञा वेदनेच्या हातात जाते. ठरलेल्या आकड्याने ती आपल्या हातात येते. खुर्चीवरून उठणे-बसणे, पाठीवर निजून कंबर उचलणे, उभ्याने हळूहळू वाकणे हे व्यायाम याच रीतीने वाढविले. रुकूसाठी प्रथम उंच मेजावर हात टेकून वाकणे, मग खुर्चीवर, मग गुडघ्यांवर. वाकल्यावर मणका सरकत नाही हे बाईंनी शब्दांनी सांगितले होतेच, पण भाईंना ते पटले स्वतः वाकून पाहिल्यावर. व्यायाम आणि वर्तन यांची जोड म्हणतात ती हीच. नुसता व्यायाम दिला असता तर भीतीने चार दिवसांत सुटला असता, आणि नुसता उपदेश केला असता तर दुबळे पाय तसेच राहिले असते.

घरच्यांनाही बाईंनी बोलावून घेतले. कण्हण्याकडे पाहून धावू नका, वही पाहून शाबासकी द्या, असे सांगितले. पाण्याचा तांब्या त्यांचा त्यांना घेऊ द्या. "आज कसं दुखतंय?" याऐवजी "आज किती मिनिटं झाली?" असे विचारा. ती वही लिहिण्याचे काम त्या मुलाकडे आले. रोजची तारीख, ठरलेली मिनिटे, झालेली मिनिटे. म्हाताऱ्या आईला हे निर्दयपणाचे वाटले, आणि मला तिचे म्हणणे समजत होते. पण लेकराला चालायला शिकवताना आपण बोट सोडतो, तेही मायेपोटीच सोडतो.

हे एका घरापुरते नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथील व्होल्व्हो मोटार कारखान्यातील १०३ कामगारांवर असा प्रयोग झाला आणि १९९२ साली तो प्रसिद्ध झाला. हे कामगार कंबरदुखीमुळे सहा आठवडे रजेवर होते. ज्यांना क्षमता मोजून, कामाची जागा पाहून असा पायरीपायरीचा व्यायाम दिला, ते कामगार इतरांपेक्षा लवकर कामावर परतले. २०२३ साली ऑस्ट्रेलियातील ४९२ जुनाट रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फिजिओथेरपिस्टांनीच हालचाल, भीती आणि रोजची राहणी यांवर एकत्र उपचार केले, आणि त्याचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शन जाहीर केले. त्यात रुग्णाचे शिक्षण, व्यायाम आणि मानसिक उपचार यांची शिफारस आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणे यांची नेहमीचा उपचार म्हणून शिफारस नाही.

मी चमत्काराची गोष्ट सांगत नाही. भाईंना मध्ये दोनदा जोराचे दुखणे उठले. एकदा तर वहीच फेकून दिली होती. मुलाने ती उचलून दुसऱ्या दिवशीची तारीख घातली. दहा आठवड्यांनी आकडा २८ मिनिटांवर गेला. चार महिन्यांनी ते कारखान्यात कापड तपासण्याच्या हलक्या कामावर रुजू झाले. कंबर आजही दुखते. फरक इतकाच की पूर्वी दुखणे घर चालवीत होते, आता ते चालवितात. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या हजेरीपटात त्या मुलाच्या नावापुढे पुन्हा हजेरी लागू लागली. बुडालेला अभ्यास त्याने कष्टाने भरून काढला आणि पुढील वर्षी तो दहावीच्या परीक्षेस बसला.

पालकहो, आपणांस माझी विनंती आहे. घरात कोणाचे दुखणे तीन महिन्यांच्या वर गेले असेल, तर पट्टा, मालिश आणि अंथरूण यांवर विसंबून राहू नका. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, फिजिओथेरपिस्टांना भेटा, आणि त्यांच्याकडे एकटे न जाता घरातील एकाला बरोबर न्या. कारण उपचाराचा अर्धा भाग घरातच व्हावयाचा असतो. आणि काही झाले तरी मुलाची शाळा सोडविण्याआधी एकदा आम्हा शिक्षकांकडे या. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी असे कोणी असेल तर तुम्ही काय करू शकाल? एक चाळीस पानी वही आणा आणि बाईंनी किंवा साहेबांनी ठरवून दिलेला आकडा रोज लिहा. आठ महिने जे चार माणसांच्या धावपळीने झाले नाही, ते त्या घरी एका वहीने सुरू झाले.