रंगूनच्या चौकात



2018 साली आम्ही द्वारका परिसरातील अकरा जण रंगूनला, म्हणजे आजच्या यांगोनला, जाऊन आलो. ब्रह्मदेशाची राजधानी 2005 सालीच नेपिडॉला हलली. पण गर्दी काही रंगून सोडून गेली नाही. भर चौकात सुले पॅगोडा उभा आणि त्याला वळसा घालून बसगाड्या धावताहेत, हे पाहून आम्हाला आपले द्वारका सर्कलच आठवले. मात्र तिथे तेव्हा शहरात मोटारसायकलींना बंदी होती. आपल्याकडे हे कोण ऐकून घेणार!

श्वेडॅगॉनला खालीच चपला काढाव्या लागतात, मोजेसुद्धा. दुपारची फरशी तापलेली, तरी गुडघेदुखीच्या आमच्या आजी सर्वांच्या पुढे. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, ती त्यांनी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली. ती मूर्ती रंगूनची. त्याच महिन्यात प्रकृती साथ देत नसताना बाबासाहेब इथे जागतिक बौद्ध परिषदेला आले होते.

आमच्या गाईडला मात्र बाबासाहेबांचे नावच ठाऊक नव्हते. आम्ही खट्टू झालो. जिथे 1954 ते 1956 सहावी धम्मसंगीती भरली, त्या महापासाण गुहेबाहेर आजींनी पिशवीतून फोटो काढला आणि मराठीतच सांगू लागल्या. आमच्यातली कॉलेजची मुलगी दुभाषी झाली. गाईडने विचारले, "ती मूर्ती आम्हाला पाहता येईल?"

आजींनी त्याच्या वहीत आपला पत्ता लिहिला, देवनागरीत.