घरांतील पहिलें मोठें मत्स्यालय

दिवाणखान्यांत एखादें मोठें मत्स्यालय असावें, ही हौस आतां पुष्कळ घरांतून दिसून येते. हौस चांगलीच आहे. पण तिचा आरंभ बहुधा घाईनें होतो. रविवारीं सकाळीं टांकी घरीं येते, दुपारीं तींत पाणी भरतात, आणि मुलांच्या आग्रहामुळें संध्याकाळींच वीस-पंचवीस मासे सोडले जातात. दोन-तीन दिवस घर आनंदांत असतें. मग एखादा मासा पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतो, दुसरा तळाशीं निपचित पडतो, आणि पाहतां पाहतां निम्मी टांकी ओस पडते. दुकानदार म्हणतो, मासे नाजूक होते. घरचीं माणसें म्हणतात, आपल्या घराला हें लाभत नाहीं. वास्तविक दोष माशांचा नसतो आणि नशिबाचाहि नसतो.

मासे आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकीत असतात. उरलेलें अन्न व विष्ठा कुजूनहि तोच उत्पन्न होतो. नदींत तो वाहून व विरून जातो. बंद टांकींत मात्र तो साठतो व माशांना विषासारखा बाधतो. निसर्गांत ह्यावर उपाय आहे. कांहीं जीवाणु अमोनियाचें नायट्राइट बनवितात, आणि दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्राइटहि घातकच, कारण त्यामुळें रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी होते. नायट्रेट त्या मानानें पुष्कळच सौम्य असतें. हे जीवाणु वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. पण ती वस्ती पुरेशी वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टांकींतले मासे मरतात ते ह्या आठवड्यांत.

पाण्यांत असा समतोल राखतां येतो, हें रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या इंग्रज रसायनज्ञानें १८५० सालीं दाखवून दिलें. त्यानें सोनेरी मासे व पाणवनस्पति एकत्र ठेवल्या. परंतु कुजक्या पानांनीं पाणी बिघडूं लागलें, तेव्हां तीं पानें खाणाऱ्या गोगलगाई त्यांत सोडल्या आणि पाणी पुनः निवळलें. एकाची घाण तें दुसऱ्याचें अन्न, हेंच घरच्या मत्स्यालयाचेंहि सूत्र आहे.

नवशिक्यानें लहान भांड्यापासून सुरुवात करावी, असा समज आहे. तो उलटा आहे. थोडें पाणी लवकर बिघडतें व लवकर तापतें. पुष्कळ पाण्यांत चूक सुधारण्यास अवधि मिळतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टांकी पहिल्या खेपेस उत्तम. तिच्यांत सुमारे २५५ लिटर पाणी मावतें. म्हणजे नुसत्या पाण्याचेंच वजन २५५ किलो झालें. कांच, वाळू, दगड व बैठक धरून तें तीनशें किलोंच्या वर सहज जातें. म्हणून टांकी खोलीच्या मध्यभागीं न ठेवतां भक्कम भिंतीलगत ठेवावी, आणि इमारत जुनी असल्यास आधीं जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. बैठक पाणसळ लावून तपासावी व टांकीखालीं थर्माकोलचा थर द्यावा. एका कोपऱ्यावर भार आला तर कांच तडकते. खिडकींतलें थेट ऊन टाळावें, नाहीं तर शेवाळ माजतें.

वाळू स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावी. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन सोडियम थायोसल्फेटसारख्या द्रव्यानें नाहींसा करावा. मग गाळणी सुरू करून माशांच्या खाद्याची एक चिमूट रोज टांकावी. मासे नसलेल्या टांकींत अन्न टाकलेलें पाहून घरच्यांना हंसूं येईल; परंतु तें जीवाणूंसाठीं असतें. पाणी तपासण्याचे संच बाजारांत मिळतात. मुलांनीं दर दोन दिवसांनीं तपासणी करून वहींत आंकडे लिहावे. प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरतो व नायट्राइट चढतें. शेवटीं दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसूं लागलें, म्हणजे टांकी तयार झाली. वाट पाहण्याचा कंटाळा ह्या वहीनें बराच कमी होतो.

आरंभीं सहा-आठ झेब्रा मासे पुरेत. हा चपळ, काटक मासा आपल्याच देशांतील ओढ्यानाल्यांचा. फ्रान्सिस हॅमिल्टननें १८२२ सालीं त्याचें वर्णन केलें. तो थव्यानें सुखी असतो. पुढील मासे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें आणावे. पुण्या-नाशिकच्या थंडींत उष्ण प्रदेशांतल्या माशांसाठीं पाणी २४ ते २७ अंशांवर राखणारा तापक लागतो. दर आठवड्यास सुमारें पाव हिस्सा पाणी बदलावें, आणि गाळणीचा स्पंज नळाखालीं न धुतां काढलेल्या पाण्यांतच पिळावा. नळाच्या क्लोरिननें जीवाणूंच्या वस्तीस अपाय होऊं शकतो. वीज गेल्यास उपयोगी पडेल असा बॅटरीचा हवापंपहि जवळ असावा.

एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. कांच साफ करणारा म्हणून दोन-तीन इंचांचा 'सकर' मासा दुकानांत गळ्यांत मारतात. तो फूटभराहून मोठा होतो, टांकींत मावेनासा होतो, आणि मग कोणी तरी दयाबुद्धीनें त्याला नदींत किंवा तलावांत सोडून येतो. मूळ दक्षिण अमेरिकेंतला हा मासा उजनीच्या जलाशयांतहि सांपडला आहे. तेथें त्याच्या खरखरीत कवचानें मच्छिमारांचीं जाळीं फाटतात. घरीं नकोसा झालेला मासा दुकानदारास परत द्यावा, दुसऱ्या हौशी माणसास द्यावा, पण वाहत्या पाण्यांत कधींहि सोडूं नये. मासा विकत घेण्यापूर्वीं तो पुरता वाढल्यावर केवढा होईल, एवढा एक प्रश्न विचारला तरी हा प्रसंग टळतो.