ऑपरेशनच्या आदल्या रात्री

ऑपरेशन म्हटले की आम्ही आधी पैशाची आणि रक्ताची जुळवाजुळव करतो. ती हवीच. पण आमच्या आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला घोळ झाला तो कपभर चहाने. पहाटे तिचा घसा कोरडा पडला, आमचा जीव कळवळला, दुधाचा चहा आणि दोन बटर दिले. नर्सबाईंनी विचारले तेव्हा आई खरे बोलली, म्हणून निभावले. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले.

बघा, भुलीत खोकण्या-गिळण्याची शुद्ध राहत नाही. पोटातले वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. म्हणून अन्न आणि दूध निदान ६ तास आधी बंद. नुसते पाणी साधारण २ तास आधीपर्यंत चालते. तरी डॉक्टर सांगतील तीच वेळ धरायची.

साखरेच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचे आधीच विचारा, मनाने बंद करू नका. मिश्री-तंबाखूही लपवू नका, लाजायचे कशाला? घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत. बारीक जखमांतून जंतू शिरतात.

आणि रात्री उशाशी बसणाऱ्याने दुसऱ्यांच्या फसलेल्या ऑपरेशनच्या गोष्टी सांगू नयेत. आई त्या रात्री सुरीपेक्षा आमच्या मावशीलाच जास्त घाबरली होती.