लोकरीचा पीळ

थंडीची चाहूल लागली की आपण लोकर घ्यायला जातो. रंग पाहतो, गालाला लावून मऊपणा पाहतो. पीळ मात्र सहसा कुणी पाहत नाही, आणि टाके कसे दिसणार हे बरेचसे त्यावरच ठरते.

सुलट टाका अगदी जवळून पाहा. त्याला दोन पाय असतात, खाली जुळलेले, वर फाकलेले. लोकर एकपेडी, म्हणजे एकाच पिळलेल्या धाग्याची असेल तर तिच्यातला सगळा पीळ एकाच दिशेचा असतो. तो सुटू पाहतो आणि टाक्यालाही आपल्याबरोबर वळवतो. मग एक पाय ताठ उभा राहतो, दुसरा आडवा कलतो. मी अशा लोकरीचा मफलर विणला होता, एक ओळ सुलट, एक उलट. वाफ देऊन सरळ केला, पण पहिल्याच धुण्यात पुन्हा तिरका झाला. शेवटी उसवला आणि दोन्ही बाजूंनी सुलट विणला. सुलट आणि उलट टाक्यांचा कल एकमेकांविरुद्ध असतो, म्हणून या वेळी तो सरळ राहिला. टी-शर्टची बगलेची शिवण धुतल्यावर पोटावर सरकते ना? तिथेही बहुतेक वेळा एकपेडी सुताचा पीळच कारण असतो.

एकाहून जास्त पेड एकत्र वळताना मात्र पेडांच्या स्वतःच्या पिळाच्या उलट दिशेने पीळ देतात. दोन्ही पीळ एकमेकांना आवरतात आणि लोकर शांत होते. दोनपेडी लोकरीचे पेड टाक्यात एकमेकांपासून जरा दूर सरतात, त्यामुळे भोके मोकळी दिसतात. जाळीच्या शालीला हीच घ्यावी. तीनपेडी लोकर गोल, भरीव. वेणीची वीण घालायची तर मला हिच्याशिवाय दुसरी चालत नाही. वेणी कापडावर उठून उभी राहते. सैल पिळाची लोकर मऊ खरी, पण कोपराशी, बगलेत लवकर गोळे धरते. मुलांच्या रोजच्या स्वेटरला ती घेऊ नका.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गुंड्याचे टोक थोडे उलगडा आणि पेड मोजा. मग हातभर लोकर घेऊन दोन्ही टोके एकत्र धरा, मधला भाग लोंबू द्या. तो स्वतःभोवती गरागरा वळला, तर त्या लोकरीत पीळ शिल्लक आहे. स्वेटर विणायला घेण्याआधी तिचा वीतभर तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मगच ठरवा.