तहान लागण्याआधी विहीर: सरकारी खर्च, संसद आणि आपण
(चेन्नई येथील अभ्यासवर्गात मराठी भाषक रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)

संसदेची सरकारी खर्चावरील देखरेख हा विषय मला देण्यात आला, तेव्हा शेजारी बसलेले एक साथी हळूच म्हणाले, "हे खासदारांना सांगा, आम्हाला कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. आज मी जे बोलणार आहे ते त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

आपण बसलो आहोत ते शहर कामगार चळवळीचे जुने शहर. १९१८ साली बी. पी. वाडिया यांनी बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या कामगारांची मद्रास लेबर युनियन इथेच उभी केली. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून १९५५ पासून डबे बाहेर पडत आहेत. पण आज मला या शहराची दुसरी ओळख सांगायची आहे. अकरा वर्षांत या शहराने पाण्याचा मार दोनदा खाल्ला. २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली. मग १ डिसेंबर २०१५ ला पाऊस कोसळला. तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पडला, चेंबरंबाक्कम जलाशयातून २९,००० क्युसेकपर्यंत पाणी सोडले गेले आणि अड्यार नदी घराघरांत शिरली. विमानतळ अनेक दिवस बंद, गाड्या रद्द. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या आणि लोक रुळांवरून चालत घरी गेले, हे आपण विसरलेलो नाही.

आता या दोन तारखांच्या मध्ये कागदावर काय घडले ते पाहा. सुनामीनंतर वर्षभरात, २००५ साली, संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. राष्ट्रीय प्राधिकरण झाले, बचाव दल झाले. कायद्याने सांगितले होते की देशाची एक राष्ट्रीय योजना तयार करा. २०१३ साली भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांनी आपत्तीच्या तयारीवर अहवाल दिला आणि लिहिले की अशी राष्ट्रीय योजना अद्याप तयार झालेली नाही. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाले. आणि राष्ट्रीय योजना जाहीर झाली ती जून २०१६ मध्ये! कायदा होऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर.

त्या योजनेने चेन्नई वाचले असते का, असे कोणी विचारील. मी तसा दावा करत नाही. अड्यारच्या पुराला तलावांवरची आणि नदीपात्रातली अतिक्रमणे कारणीभूत होती. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने २०१६ साली चेन्नईच्या पुरावर अहवाल दिला, त्यातही या अतिक्रमणांवर बोट ठेवले आहे. पुढे २०१८ साली तमिळनाडू विधानसभेत कॅगचा अहवाल मांडला गेला, त्याने तर या पुराला मानवनिर्मित आपत्ती म्हटले. माझा मुद्दा एवढाच की तयारी नाही हे सरकारी कागदावर पुरापूर्वी दोन वर्षे लिहिलेले होते. लिहिणारा होता, वाचणारेही होते, पण उत्तर मागणारा कमी पडला.

उत्तर मागायचे कोणी? ते काम संसदेचे. तिच्याकडे त्यासाठी चांगली अवजारे आहेत, ती आपल्याला माहीत हवीत.

पहिले अवजार स्थायी समित्यांचे. १९९३ पासून खात्यावार स्थायी समित्या आहेत. आज त्या २४ आहेत. रेल्वेची समिती स्वतंत्र आहे, टपाल खाते दळणवळण व माहिती तंत्रज्ञान समितीकडे येते. अर्थसंकल्प मांडला की खात्याच्या मागण्या या समित्यांकडे जातात. पैसा कशाला हवा, गेल्या वर्षीचा का खर्च झाला नाही, असे त्या अधिकाऱ्यांना विचारतात. हे खर्चाच्या आधीचे काम.

खर्चानंतरचे काम लोकलेखा समितीचे. ती १९२१ पासून आहे. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य तिच्यात असतात, मंत्र्याला तिथे जागा नाही, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. कॅगने दाखवलेल्या त्रुटींवर ती सचिवांना समोर बसवून जाब विचारते. रेल्वे बोर्डाच्या अधिकाऱ्यांनाही. सरकारी कंपन्या आणि महामंडळांसाठी १९६४ पासून सार्वजनिक उपक्रम समिती आहे. आपल्या रेल्वेच्या पोटातून जी महामंडळे निघाली, त्यांचे कारभार विचारण्याची जागा ती.

मग अडते कुठे? तीन ठिकाणी. एक, समित्यांची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. दोन, कॅगचे परिच्छेद शेकडो, समिती त्यातले मोजकेच तपशिलात घेऊ शकते. तीन, सभागृहात वेळच मिळत नाही. मार्च २०२३ मध्ये लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प गोंधळात चर्चेविना मंजूर केला. चर्चा न झालेल्या मागण्या एकदम मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. हे काही एकाच वर्षी घडलेले नाही. २०१८ सालीही तेच झाले. आपला रेल्वे अर्थसंकल्प १९२४ पासून वेगळा मांडला जात असे, २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला. म्हणजे रेल्वेची हक्काची वेगळी चर्चाही गेली. पण मनात आणले तर सभागृह बसते, हेही खरे. जुलै २०१९ मध्ये रेल्वेच्या मागण्यांवर लोकसभा मध्यरात्रीपर्यंत बसली होती.

साथींनो, आता आपल्या पोटातला प्रश्न. २०१७-१८ साली राष्ट्रीय रेल संरक्षा कोश सुरू झाला. पाच वर्षांत एक लाख कोटी, म्हणजे वर्षाला २०,००० कोटी: १५,००० केंद्राच्या तिजोरीतून, ५,००० रेल्वेच्या स्वतःच्या उत्पन्नातून. रूळ बदलणे, सिग्नल, पूल यांसाठी. डिसेंबर २०२२ मध्ये कॅगचा रेल्वेगाड्या रुळावरून घसरण्यावरील अहवाल संसदेत आला. पहिल्या चार वर्षांत रेल्वेने स्वतःच्या वाट्याचे २०,००० कोटी द्यायचे होते, त्यात १५,७७५ कोटींची तूट होती. म्हणजे रुपयातले ऐंशी पैसे आलेच नाहीत. त्या चार वर्षांत मोठ्या परिणामाचे २१७ अपघात झाले आणि त्यातले १६३ गाडी घसरण्याचे होते. रूळ तपासणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांमध्येही मोठी तूट दाखवली आहे. आणि याच कोशातून अग्रक्रमात न बसणारा खर्चही होत होता.

अहवाल आल्यावर साडेपाच महिन्यांनी, २ जून २०२३ ला, शालिमारहून चेन्नईला, म्हणजे याच शहराला निघालेली कोरोमंडल एक्स्प्रेस बालासोरजवळ बहानगा बाजारला लूप लाइनवर उभ्या मालगाडीवर गेली. २९० हून अधिक माणसे गेली. इथे मला जपून बोलायचे आहे. तो अपघात सिग्नलच्या चुकीचा होता, गाडी घसरण्यावरचा कॅगचा अहवाल त्यावर नव्हता. पण रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत काय निघाले? मे २०२२ मध्ये त्याच खरगपूर विभागात चुकीच्या वायरिंगमुळे अशीच घटना घडली होती. तेव्हाच दुरुस्तीचे उपाय झाले असते तर बहानगा टळले असते. सिग्नल विभागात अनेक पातळ्यांवर त्रुटी होत्या असे चौकशी म्हणते. जुलै २०२३ मध्ये अटक झाली ती तीन कर्मचाऱ्यांना. त्यांचा दोष न्यायालय ठरवील. ज्याचा दोष, त्याला शिक्षा, याला आपला विरोध नाही. पण पातळ्या अनेक असताना शिडीच्या खालच्या पायरीवरच थांबायचे का, हा आपला प्रश्न आहे.

आता त्या साथींना उत्तर देतो. हा विषय आपला आहे, कारण संकट आले की पाण्यात आधी आपणच उतरतो. कोकणात पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन गस्त घालणारा आपलाच माणूस आहे. २०२० च्या टाळेबंदीत औषधांची पाकिटे आणि पेन्शनचे पैसे गावोगाव पोहोचवणारा पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक आपलाच. कुठला पूल खचला, कुठल्या सेक्शनला माणसे अपुरी, कुठल्या टपाल कार्यालयाचे छप्पर गळते, हे दिल्लीतल्या कुठल्याही समितीआधी आपल्याला कळते.

तेव्हा चार कामे करू या. पहिले, दोष दिसला की रजिस्टरमध्ये लिहा आणि त्याची नोंद स्वतःकडे ठेवा. तोंडी सांगितलेले चौकशीत उभे राहत नाही. दुसरे, कॅगचे अहवाल सर्वांना खुले आहेत; प्रत्येक शाखेने आपल्या खात्याचा एक अहवाल वर्षातून एकदा बसून वाचावा. जिथे आकडा मिळत नाही तिथे माहितीचा अधिकार आहे, अर्जाची फी दहा रुपये. तिसरे, स्थायी समित्या लोकांकडून निवेदने मागवतात. तिथे फक्त आपल्या भत्त्यांचे निवेदन न जाता सुरक्षेचेही गेले पाहिजे. चौथे, आपल्या खासदाराला भेटून सत्कार करण्याऐवजी त्याच्या हातात एक नेमका प्रश्न द्या, आकड्यासह, ठिकाणासह. "रेल्वेचे काय चालले आहे" या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर मिळते. "अमुक सेक्शनमध्ये मंजूर पदे किती, भरलेली किती" याला आकडाच द्यावा लागतो.

भत्ता वाढला की आपण पेढे वाटतो, आणि वाटावेतच. पण संरक्षा कोशात न आलेला रुपयाही आपल्याच जिवावर बेततो, आणि आपल्या भरवशावर डब्यात झोपलेल्या प्रवाशाच्या. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय सरकारला आहे. आधी खणायला लावणे हे संसदेचे काम, आणि पाणी कुठे लागेल ते दाखवणे आपले.

परवा परतीच्या गाडीत बसाल तेव्हा खिडकीतून रुळाकडे एकदा कामगाराच्या नजरेने पाहा. जे दिसेल ते घरी पोहोचल्यावर लिहून काढा.