आवाळूचं कूळ



डोक्यावरच्या गोल, टणक गाठीला आपली आजी आवाळू म्हणायची. आज पेशंट 'चरबीची गाठ झालीय' म्हणत येतो आणि आपण डॉक्टर केसपेपरवर 'सेबेशियस सिस्ट' लिहून मोकळे होतो. हे नाव चूक आहे. त्या गाठीत चरबी नसते आणि ती तैलग्रंथीतूनही निघालेली नसते. दाबल्यावर येणारा तो पांढरा, उग्र वासाचा लगदा म्हणजे केराटिन. कातडीचाच कोंडा, बाहेर गळायचा तो आत साठलेला.

या गाठी दिसतात सारख्या, पण त्यांचं कूळ अस्तरावरून ठरतं. केसाच्या मुळाच्या वरच्या, तोंडाजवळच्या भागातून येते ती एपिडर्मॉइड. तिच्या अस्तरात ग्रॅन्युलर थर असतो. त्याच्या खालच्या भागातून येते ती पायलर. तिच्यात तो थर नसतो, ती बहुधा डोक्यावरच होते आणि अनेकदा बापाकडून किंवा आईकडून मुलाकडे येते. त्वचारोगतज्ज्ञ हर्मन पिंकस यांनी 1969 साली तिला ट्रायकिलेमल म्हटलं. डोळ्यांखालचे मिलियाचे बारीक दाणे ही एपिडर्मॉइडचीच धाकटी भावंडं. तैलग्रंथीशी खरं नातं आहे ते स्टिॲटोसिस्टोमाचं, आणि तो क्वचितच दिसतो.

मग तळहातावर, बोटाच्या पेरावर अशी गाठ कशी येते? तिथे तर केसच नाही. याचं उत्तर भोसरी, आकुर्डी, तळवडे, चाकणच्या आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात रोज समोर बसलेलं असतं. डीबरिंग करताना बर, म्हणजे धातूची बारीक कुस, घुसते, पत्र्याची धार लागते. जखम बारीक असते. कामगार बोट चोखतो, चिंधी बांधतो आणि शिफ्ट पुरी करतो. पण त्या टोच्याबरोबर वरच्या कातडीचा कण आत रुतलेला असतो. तो आत जगतो आणि केराटिन बनवत राहतो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, गाठ दिसते. तोवर जखम त्याच्या आठवणीतही नसते. हीसुद्धा एपिडर्मॉइडच, फक्त रोवली गेलेली. कधी ती पेराचं हाड कोरते, म्हणून चीर देण्याआधी एक्स-रे काढा. आणि पिशवी अख्खी काढा. तुकडा राहिला तर गाठ परत येते.

दुसरी वाट तेलाची. कटिंग ऑइलने भिजलेली पँट दिवसभर मांडीला घासते, बाह्या हाताला. केसांची तोंडं बुजतात, काळे ठिपके आणि पुळ्या येतात. हाच ऑइल ॲक्ने. पंचविशीतल्या मुलाच्या मांड्यांवर असे ठिपके दिसले तर ते तारुण्याचे मुरूम समजून मलम देऊन पाठवू नका.

1700 साली इटलीतल्या रामाझ्झिनींनी वैद्यांना सांगितलं होतं की रोग्याला त्याचा धंदा विचारा. नुसतं 'कंपनीत आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. मशीन कोणतं, तेल कोणतं, हातमोजे मिळतात का, आणि कामावर कायम की कंत्राटी, हेही विचारा. कंत्राटी मुलगा गाठ लपवतो, कारण एक खाडा त्याला परवडत नाही.

खनिज तेलाने होणारा ऑइल ॲक्ने कायद्याने कळवण्याच्या आजारांत मोडतो; 2025 पर्यंत तो कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत होता. तो निरीक्षकांना कळवणं हे आपल्यावर, उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, बंधनकारक आहे. उद्या ओपीडीत असा पेशंट आला, तर कृपा करून ते कळवणारं पत्र लिहा.