अंतःशुद्धी आणि ईश्वरसान्निध्य : काशी ते केडगाव

(हीरकमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा लेखी पाठ)



काशीत दशाश्वमेधाकडून दक्षिणेस केदारघाटाकडे जाऊ लागले की वाटेत अमृतराव घाट लागतो. त्यालाच राजाघाट असेही म्हणतात. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ साली कंपनी सरकारकडून सालीना सात लाख रुपयांचा तनखा घेऊन पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडले. पुढे कर्वी आणि काशी हेच त्यांचे जग झाले. घाटाच्या दगडी पायऱ्या आणि वरचा वाडा त्या पर्वाची साक्ष देतात. राज्य गेले, तरी दानधर्म आणि गंगास्नान राहिले. पराभवानंतर पुण्यसंचयात मन रमवणारी अशी कितीतरी मराठी घराणी त्या काळी काशीत वसली होती.

या पायऱ्यांवर रोज पहाटे हजारो देह शुद्ध होतात. मनाचे काय, हा प्रश्न घाटाइतकाच जुना आहे आणि मराठी संतांनी तो पुनःपुन्हा, प्रसंगी कठोर शब्दांत विचारला आहे. एकोणिसाव्या शतकात काशीच्या मराठी वस्तीतल्या एका तरुणाने हा प्रश्न इतका मनावर घेतला, की त्याचे घरदार त्यापायी गेले. ते नीलकंठशास्त्री गोरे.

गोऱ्यांचा जन्म १८२५ चा, झाशीजवळच्या काशीपुरा गावचा. आजोबा बांद्याच्या नवाबाच्या पदरी कारभारी होते. घराणे पुढे काशीस आले आणि नीलकंठ तेथेच न्याय-व्याकरण शिकून शास्त्री झाले. बाजारात उपदेश करणाऱ्या विल्यम स्मिथ या मिशनऱ्याला वादात हरवावे, एवढ्याच हेतूने ते त्याच्याकडे जाऊ लागले. प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचल्याशिवाय खंडन करायचे नाही, ही शास्त्र्याची शिस्त. त्या वाचनानेच त्यांची पकड सैल होत गेली आणि १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त तुटले. १८५३ साली मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात पत्नी निवर्तली.

पण गोऱ्यांचे खरे मोठेपण त्यानंतरच्या आयुष्यात आहे. धर्म बदलला म्हणून मन निर्मळ झाले, असे त्यांनी स्वतःला कधी समजू दिले नाही. १८५४ साली महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले. तेथे मॅक्स म्युलर यांची आणि त्यांची भेट झाली. लंडनमध्ये दिसते तोच ख्रिस्ती धर्म असेल, तर आपण ख्रिस्ती नव्हे, अशा आशयाचे त्यांचे उद्विग्न बोलणे म्युलरनी नोंदवून ठेवले आहे. ज्यांच्या धर्मासाठी घर सोडले, त्यांच्याच राजधानीत बसून असे बोलायला केवढे धैर्य लागले असेल! पुढे ते धर्मगुरू झाले, संन्यस्त संघात उमेदवार म्हणून राहिले, अत्यंत साधेपणाने जगले. शंकांनी मात्र त्यांची पाठ १८९५ साली मुंबईत देह ठेवीपर्यंत सोडली नाही. कित्येकांना हा त्यांच्या श्रद्धेचा उणेपणा वाटला. वस्तुतः ईश्वरापुढे खोटे न बोलण्याचा तो व्रतस्थपणा होता.

त्यांची आईवेगळी मुलगी एलन लक्ष्मी परक्या कुटुंबांत, पुढे इंग्लंडमध्ये वाढली. १८८० साली ती सेवेसाठी हिंदुस्थानात परत आली. ईश्वराच्या सान्निध्यातील गुप्त आश्रयस्थान हा तिच्या एका इंग्रजी भक्तिगीताचा विषय. त्याला अमेरिकेच्या स्टेबिन्स यांनी चाल लावली आणि ते देशोदेशींच्या उपासनांत गायले जाऊ लागले. काशीत जन्मलेल्या मराठी मुलीचे हे गीत मराठी घरांत फारसे ठाऊक नसावे, ही चुटपुट लागणारी गोष्ट आहे.

याच गोऱ्यांच्या पत्रांचा आणि युक्तिवादाचा परिणाम पंडिता रमाबाईंवर झाला. रमाबाईंनी ते ऋण स्वतः मान्य केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे कथा संपती, तर ती केवळ धर्मांतराची कथा झाली असती. पण रमाबाईंनी आपल्या साक्षीत पुढे जे लिहिले ते विलक्षण आहे. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्या देतात. जगभर व्याख्याने दिलेली, १८८९ साली शारदा सदन स्थापन केलेली, संस्कृत पंडिता म्हणून गाजलेली स्त्री हे लिहिते. १८९३ साली सदनातील मुलींच्या धर्माचरणावरून वादळ उठले आणि रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. बाहेर टीका आणि आत ही पोकळी, अशा दुहेरी कोंडीत ती वर्षे गेली.

मग दुष्काळ आला. लहानपणी आईवडील उपासमारीने गेलेले पाहिलेल्या रमाबाई १८९६-९७ साली मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले. विहिरी खणल्या गेल्या, विणकाम आणि छापखाना सुरू झाला. रमाबाईंना तेवढ्याने समाधान नव्हते. पोट भरले, अक्षर आले, तरी मनावरचे घाव आणि मनातले कडवटपण धुणार कोण?

जानेवारी १९०५ मध्ये सुमारे सत्तर जणी रोज प्रार्थनेस जमू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. १९०४ मध्ये वेल्समध्ये झालेल्या जागृतीच्या वार्ता तोवर पोचल्या होत्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला पवित्र आत्म्याचा असा अनुभव आला, की जवळच्या सोबतिणीला ती ज्वाळांनी वेढलेली दिसली. सोबतीण धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच ध्यानात आले, की मुलगी भाजत नाही. मिनी अब्रम्स या अमेरिकन सहकारी बाईंनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्या बादलीचे हसू येते आणि त्याच क्षणी त्या मुलीच्या निरागस धावपळीने मन भरूनही येते.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग बंद पडले. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत आणि आपले अपराध बोलून दाखवीत. आज ‘कॅरिस्मॅटिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपासनेत जे दिसते, म्हणजे उत्स्फूर्त प्रार्थना, हात उंचावणे, अन्य भाषांत बोलणे, त्यातले बरेच या माळावर दिसले आणि तेही लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरील १९०६ च्या प्रसिद्ध जागृतीच्या आधी. अब्रम्स बाईंची पुस्तिका १९०७ च्या सुमारास चिलीतल्या मैत्रिणीकडे पोचली आणि १९०९ साली तेथे उसळलेल्या जागृतीचे एक निमित्त ठरली. केडगावचा टपालाचा शिक्का असा दक्षिण अमेरिकेच्या धर्मेतिहासात उमटला आहे.

गोंगाटावर टीका झाली. शिस्तीत वाढलेल्या पाश्चात्त्य पाहुण्यांना ते असह्य होई. हिंदी लोकांची जागृती त्यांच्या स्वभावाला आणि भावनांना साजेशीच असणार, देवानेच त्यांना तसे घडवले आहे, अशी रमाबाईंची भूमिका होती. अन्य भाषा हीच आत्म्याची एकमेव खूण, हेही त्यांनी मानले नाही. त्यांची नजर अश्रूंच्या पुढे काय होते याकडे असे. भांडलेल्या दोघी एकमेकींशी बोलू लागल्या काय? चोरलेली वस्तू परत केली काय? अंतःशुद्धीची कसोटी स्वयंपाकघरात आणि जात्यापाशी लागते, प्रार्थनामंदिरात ती केवळ सुरू होते. ज्या भक्तीत उमाळे फार आणि कबुली थोडी, तिच्याकडे संशयाने पाहावे हे बरे. गोऱ्यांच्या आयुष्यात उमाळा जवळजवळ नव्हता, मुक्तीच्या मुलींत तो महापुरासारखा आला. तरी दोन्हींकडे आरंभ एकच होता : आहे ते आहे असे देवापुढे म्हणणे. रमाबाईंना बाप्तिस्म्यापासून या जागृतीपर्यंत बावीस वर्षे लागली.

जागृतीनंतर रमाबाईंनी स्वतःला एका शांत, रुक्ष वाटणाऱ्या कामात गाडून घेतले. रूढ मराठी बायबल सामान्य बायकांना समजत नाही, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सोप्या मराठीत नवे भाषांतर हाती घेतले. संस्कृतप्रचुर भाषा ज्यांच्या हाडीमाशी होती, त्या पंडितेने दळणकांडण करणाऱ्या बाईचा शब्द शोधीत वर्षे घालवली. जुलै १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. भाषांतर थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे देहावसान झाले, तोवर ते पुरे होत आले होते. त्या ग्रंथाची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. खिळे जुळविणाऱ्या हातांत दुष्काळातून आलेल्या, एके काळी अक्षरशत्रू असलेल्या मुलींचेही हात होते.